दिवा वाढवावा, ही विनंती

मंगळवारी दुपारी संतोष ओझरहून परत आला तो डबा न उघडताच पलंगावर बसला आणि म्हणाला, "नाथाशेठनं सोमवारपर्यंतची मुदत दिलीय."

प्रतिभाच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिनं आवाज न करता त्याच्यापुढे ठेवला. "कसली मुदत?"

"झोपेची. सकाळी द्वारका चौकातल्या सिग्नलला डोळा लागला माझा. हिरवा पडला, मागचे हॉर्न मारताहेत, आणि मी आपला स्टिअरिंगवर डोकं टेकून. माझ्या बसला असतात त्या नाझियामॅडमनी हाका मारल्या तेव्हा जागा झालो. मग कुणीतरी लावला शेठना फोन."

नाथाशेठ म्हणजे ओझरच्या कारखान्यात कामगारांना नेणाऱ्या-आणणाऱ्या सहा बसगाड्यांचे मालक. संतोष त्यांतली एक चालवत होता, अकरा वर्षं, एकही ओरखडा न पाडता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सिग्नलला झोपलास म्हणून बरं. चालत्या गाडीत झोपला असतास तर? बेचाळीस माणसं असतात आत. सोमवारी ताजातवाना दिसलास तर ठीक, नाहीतर बदलीच्या फकिराला बसवतो गाडीवर." संतोषनं पेला उचलला, पण प्यायला नाही. "आणि खोटं काय बोलले? मलाच माझी भीती वाटायला लागलीय."

नाथाशेठना दोष द्यावा असं प्रतिभालाही काही सापडलं नाही. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. दोष तिथं उभा होता.

शांतिवन कॉलनीच्या तिकोनी बागेत महापालिकेनं दसऱ्याच्या मुहूर्तावर एक उंच खांब रोवला होता आणि त्याच्या डोक्यावर चार दिशांना चार मोठे दिवे बसवले होते. त्यांतल्या पूर्वेकडच्याचा उजेड थेट संतोषच्या उशीवर पडे. प्रतिभानं आधी एक पडदा लावला, मग दोन, मग त्यावर गोधडी. तरी उजेड कडेकडेनं आत यायचाच. बागेतले कावळे रात्री दोनला सकाळ झाली म्हणून बोलू लागले. कॉलनीतल्या इतरांना त्याचं फार काही नव्हतं, कारण त्यांना पहाटे साडेचारला उठून बेचाळीस माणसं न्यायची नव्हती.

"ते नागरिकांचं काहीतरी चाललंय ना सध्या," संतोष म्हणाला. "लोकसहभाग पंधरवडा. सूचना द्या म्हणे, लगेच काम करतो. तू लिही एक अर्ज. तुझं अक्षर चांगलंय."

अक्षर चांगलं होतं, यात शंका नव्हती. भाषेचा प्रश्न निराळा होता.

प्रतिभा मुळात कमी बोलणारी, आणि जे बोलायचं ते हळू. उठल्यापासून तिचे नेम सुरू होत ते निजेपर्यंत चालत. पण सगळ्यांत जुना नेम जिभेचा. आत्यानं तिला लहानपणीच शिकवलं होतं की बाईनं घरात भरल्या तोंडानं बोलावं. त्यामुळे प्रतिभाच्या डब्यातले तांदूळ कधी संपत नसत, ते वाढत. हातातली बांगडी फुटत नसे, तीही वाढे. घरातून निघताना ती जाते म्हणत नसे, येते म्हणे. आणि दिवा, मग तो देवापुढचा असो की मोरीतला, तो या घरात वाढवला जाई. त्यासाठीचे बाकीचे शब्द तिला माहीत नव्हते असं नाही. 'मालवणे' हा शब्द तिला पेपरातल्या निधनवार्तेत भेटायचा, कुणाची तरी प्राणज्योत घेऊन. तेव्हापासून तिनं तोही टाळला होता. एकदा बसचं टायर वाटेत फुटलं तेव्हा पंक्चरवाल्याला फोन करून तिनं "ह्यांच्या गाडीचं टायर वाढलंय" असं कळवलं होतं, आणि पलीकडून "मग थोडी हवा सोडा" असा सल्ला मिळाला होता. यंदा आषाढी एकादशीला तर तिनं देवापुढे पाणी सोडून नेमच घेतला: कार्तिकीपर्यंत चार महिने एकही अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही. तीन महिने निर्विघ्न पार पडले होते.

तिनं वहीचा कागद घेतला आणि लिहिलं:

'मा. महोदय, आमच्या बागेत आपण दिवा दिलात याबद्दल आम्ही रहिवासी आभारी आहोत. तथापि रात्री दहानंतर सदर दिवा वाढवावा, ही नम्र विनंती. याची फार गरज आहे.'

झोप होत नाही, त्रास होतो, असं काही तिनं लिहिलं नाही. दिव्याला नावं ठेवणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

संतोषनं अर्ज वाचला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्याला त्यात काहीच खटकलं नाही. "मुद्देसूद आहे," तो म्हणाला.

सह्यांचं काम शेजारच्या जमीलचाचांनी अंगावर घेतलं. चाचा शिंपी. त्यांचं मशीन ओसरीतच असे आणि गळ्यात टेप. त्यांच्याही खोलीत उजेड येई आणि सकीनाचाची डोळ्यांवर ओढणी बांधून झोपत. चाचांनी अर्ज चष्म्याजवळ धरून मोठ्यानं वाचला.

"रात्री दहानंतर वाढवावा. एकदम सही लिखा, बेटी. आमच्याकडेपण चिराग बढाना असंच बोलतात. अब्बा दुकान बढवायचे रोज रात्री. मी एकदा 'बंद केली' बोललो तर कानाखाली बसली होती माझ्या."

"आमच्या आत्या पण तशाच," प्रतिभा म्हणाली, आणि अर्ज योग्य हातात पडल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर उमटलं.

चाचांनी ज्याचं माप घेतलं त्याची सही घेतली. दिवाळीचे कुडते, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश मिळून अख्ख्या गल्लीच्या एकतीस सह्या झाल्या. कुणी अर्ज वाचला नाही. मान वर करून हात पसरलेल्या अवस्थेत माणूस काय वाचणार?

बुधवारी संध्याकाळी प्रतिभाच्या मोबाइलवर मेसेज आला: 'आपली सूचना मंजूर. काम उद्या.' तिनं देवापुढे साखर ठेवली. संतोषनं त्या रात्री एकच रात्र काढायची आहे म्हणून सहन केलं.

गुरुवारी सकाळी शिडीची गाडी आली. दोन माणसं वर चढली, खटपट करून उतरली, आणि संध्याकाळी साडेसहाला दिवा लागला तेव्हा प्रतिभाला स्वतःच्या अंगणात उभं राहून शेजारच्या ओट्यावरच्या कुरडईचे वेढे मोजता आले. जुने चार दिवे काढून त्यांच्या जागी दुप्पट ताकदीचे बसवले होते.

शुक्रवारी संतोष दुपारी परत आला तेव्हा त्याचे डोळे कुंकवासारखे लाल होते. "नाझियामॅडम आज ड्रायव्हरशेजारी बसल्या," तो म्हणाला. "ओझरपर्यंत मला पाढे विचारत होत्या. एकोणतीसचा नाही आला मला." मग जरा थांबून, "अगं, अर्जात चूक तर नाही ना झाली काही?"

अर्जाची नक्कल तिनं ठेवलेली होती. दोघांनी ती दोनदा वाचली. मग जमीलचाचांना दाखवली. तिघांनाही चूक सापडली नाही.

"ऑफिसवाल्यांनी नीट वाचलंच नसेल," चाचा म्हणाले. "तू जा. रूबरू बोल."

रूबरू बोलणं हा प्रतिभाला शिक्षेसारखा प्रकार होता. पण एकोणतीसचा पाढा तिच्या डोक्यातून जात नव्हता. ती डोक्यावरून पदर घेऊन वॉर्ड ऑफिसात गेली. विद्युत विभागाच्या टेबलाशी तेजस्विनी नावाची तरुण इंजिनिअर बसली होती. हुशार मुलगी. पंधरवड्यात आलेली प्रत्येक सूचना तिनं रंगीत पेनांनी वहीत लिहिली होती आणि झालेल्या कामापुढे हिरवी खूण केली होती. शांतिवनपुढे हिरवी खूण होती.

"मॅडम," प्रतिभा हळूच म्हणाली, "तुम्ही दिवा वाढवला नाहीत हो."

तेजस्विनीनं वहीत पाहिलं. "वाढवला की, ताई. कालच."

"नाही हो. मी रात्रभर बघत होते. जरासुद्धा वाढवलेला नव्हता."

"जरासुद्धा?" तेजस्विनीला वाईट वाटलं. "अहो, दुप्पट वाढवलाय."

"दुप्पट कशाला? एकदाच वाढवायचा असतो. पण नीट."

"म्हणजे अजून किती वाढवायचा?"

"पूर्ण," प्रतिभा म्हणाली. तिला इतकं ठाम बोलण्याची सवय नव्हती. तिचे कान तापले. "थोडा थोडा करून उपयोग नाही, मॅडम. आणि आमच्या घरासमोरचा आधी. आमच्या ह्यांची नोकरी त्यावर आहे."

नोकरीचं ऐकून तेजस्विनीनं मान हलवली. अंधारात कामावर जाणारा माणूस तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तिनं हिरव्या खुणेवर काट मारली आणि लाल पेननं लिहिलं: 'रहिवासी असमाधानी. उजेड अपुरा. दुसरा खांब प्रस्तावित.'

"ताई, तुम्ही निर्धास्त जा," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी सहाला मी स्वतः बागेत येतेय. लोकांची मंजुरी घ्यायची असते अशा कामाला. पंधरवड्याचा शेवटचा दिवस आहे, त्यामुळे उद्या ठरेल ते पक्कं. नंतर मग पुढच्या वर्षी."

शनिवारी सकाळी प्रतिभा रांगोळी काढायला दार उघडून बाहेर आली तर फाटकासमोर दोन माणसं कुदळीनं खड्डा खणत होती.

"इथं काय?" तिनं विचारलं.

"दुसरा खांब," एक जण म्हणाला. "मॅडम म्हणल्या, ताईंच्या दारातच बसवायचा. खड्डा करून ठेवा, संध्याकाळी मंजुरी झाली की उद्या उभा करू."

प्रतिभा रांगोळीची वाटी घेऊन तशीच आत आली. तिला काही केल्या उलगडा होईना. आपण इतक्या गोडीनं सांगितलं, त्या बाईंनी इतक्या गोडीनं ऐकलं, आणि दर वेळी उजेड दुपटीनं का वाढतो? आपल्याच एखाद्या व्रतात काही राहून गेलं का, असंही तिला वाटून गेलं. संतोष मात्र हिशेबात स्पष्ट होता. आज शनिवार. उद्या रविवार. परवा सोमवार.

"आज मी पण येतो बागेत," तो म्हणाला. "पण बोलायचं तू. अर्ज तुझ्या नावावर आहे. आणि हळू बोलू नकोस, प्रतिभा. मोठ्यानं बोल."

सहा वाजता बागेत पन्नासेक खुर्च्या मांडल्या होत्या. एका टेबलाशी तेजस्विनी वही घेऊन बसली. कडेला कुसाबाईंची भज्यांची गाडी होती आणि कढईतून वास येत होता. कुसाबाई मूळच्या घोटीकडच्या, साठी उलटलेल्या, पण आवाज असा की कढई तापायच्या आधी गिऱ्हाईक जमायचं.

संतोष पहिल्या रांगेत प्रतिभाशेजारी बसला. अजून दिवा लागायचा होता, वारा गार होता, आठवड्यात प्रथमच त्याच्या डोळ्यांपुढे अंधार होत चालला होता. तेजस्विनी "नमस्कार, नागरिकहो" एवढं म्हणेपर्यंत त्याची मान छातीवर पडली. प्रतिभानं त्याला कोपरानं हलवलं. तो खुर्चीसकट हलला, पण जागा झाला नाही. दुसऱ्यांदा हलवायला तिचा हात होईना.

तेवढ्यात वरचा दिवा लागला. बागेत पांढराफटक उजेड पडला. दिवेलागणीची वेळ, प्रतिभाचे हात आपोआप जुळले आणि ज्या दिव्याविरुद्ध ती बोलायला आली होती त्याला तिनं मनोभावे नमस्कार केला. तेजस्विनीनं ते पाहिलं आणि तिच्या मनात उरलीसुरली शंका राहिली नाही.

"विषय एकच आहे," ती म्हणाली. "बागेतला दिवा वाढवावा असा प्रतिभाताईंचा अर्ज आहे. एकतीस सह्या आहेत. तर दिवा वाढवावा या मताचे जे असतील त्यांनी हात वर करा."

प्रतिभानं हात वर केला. जमीलचाचांनी गळ्यातली टेप सावरून दोन्ही हात वर केले. मागे कपड्यांची सळसळ झाली. तिनं वळून पाहिलं तर अख्खी बाग हात वर करून बसली होती. तिचे डोळे भरून आले. एका माणसाच्या झोपेसाठी इतके लोक. आणि कुसाबाई? त्यांचा तर सगळा धंदा उजेडावर. त्यांनी झाऱ्यासकट हात वर धरला होता, तेल मनगटावरून ओघळत होतं.

"कुसाबाई, तुम्हीसुद्धा?" प्रतिभा कृतज्ञतेनं म्हणाली.

"मंग?" कुसाबाई म्हणाल्या. "उजेड वाढला की गिऱ्हाईक वाढतं. दोन खांब झाले तर मी वडे बी सुरू करीन. लय उपकार झाले बाई तुझे."

प्रतिभाचा हात वरच राहिला. तिनं हळूहळू मान वळवून जमीलचाचांकडे पाहिलं. चाचांचेही दोन्ही हात अजून वर होते आणि त्यांच्याही तोंडावरचा रंग उतरत चालला होता.

"सर्वानुमते मंजूर," तेजस्विनी म्हणाली आणि हिरवं पेन काढलं. टाळ्या वाजल्या. संतोष त्या टाळ्यांतही झोपून होता. त्याच्या कपाळावर वरचा उजेड सरळ पडला होता आणि झोपेतच तो हातानं माशी हाकलावी तसा उजेड हाकलत होता.

"मॅडम, थांबा," प्रतिभा उभी राहिली. "लिहू नका."

पेन तसंच धरून तेजस्विनीनं वर पाहिलं.

"बोला ताई."

"मला... तसा वाढवायचा नव्हता."

"मग कसा?"

आता एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तिच्या जिभेच्या मुळाशी येऊन बसला होता. पण ऐन दिवेलागणीची वेळ, दिवाळी दहा दिवसांवर, नेमाचे जेमतेम तीन आठवडे उरलेले, आणि पाणी सोडलेलं देवापुढे. शेजारी नवरा खुर्चीत झोपलेला. हिरव्या पेनाचं टोपण निघालेलं.

"दिव्याला रात्री विश्रांती द्यायची," ती म्हणाली.

"मेंटेनन्स? तो दर तीन महिन्यांनी असतो, ताई."

"तसं नाही. त्याला झोपू द्यायचं."

"झोपू द्यायचं म्हणजे खांब आडवा करायचा?"

मागे कुणीतरी हसलं. प्रतिभानं जमीलचाचांकडे पाहिलं. चाचा उठले, खाकरले. "मॅडम, बढाना मतलब हे बढाना नाही. ते दुसरं बढाना. चिरागवालं."

"दुसरं कोणतं, चाचा?"

चाचांनी तोंड उघडलं. मागच्या रांगेतून सकीनाचाचींचा आवाज आला. "मगरिबच्या नमाजची वेळ आहे. जबान सांभाळून."

चाचांनी तोंड मिटलं आणि ते खाली बसले.

तेजस्विनीनं घड्याळ पाहिलं. "ताई, तुम्हीच अर्ज केला, तुम्हीच ऑफिसात येऊन पूर्ण वाढवा म्हणालात, आत्ता हात पण वर केलात. मला काहीतरी एक लिहायला हवं ना."

प्रतिभानं डोळे मिटले. वाऱ्याची एक झुळूक आली आणि कुसाबाईंच्या शेगडीची ज्योत फरफरली. प्रतिभानं डोळे उघडले.

"मॅडम, तुमच्या घरी निरांजन लावतात?"

"हो. आजी लावते."

"आणि खिडकी उघडी राहिली, वारा आला, तर त्या निरांजनाचं काय होतं?"

"फडफडतं."

"आणि मग?"

"मग..." तेजस्विनी क्षणभर अडखळली. "मग विझतं."

"तेच," प्रतिभा म्हणाली.

"हाँ, वही तो! वही तो!" जमीलचाचा खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले.

तेजस्विनीनं वहीकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेत झोपेतच उजेड हाकलणाऱ्या माणसाकडे. तिच्या हातातलं पेन हळूच टेबलावर टेकलं. "म्हणजे आमची आजी देवघरात 'वाढवते गं आता' म्हणते ते... अरे देवा. म्हणजे हे झोपले नाहीत का आठ दिवस?"

"आवं, आमच्या घोटीकडं बी दिवा वाढवाच म्हणत्यात," कुसाबाई गाडीवरून म्हणाल्या. "पर ह्यो दिवा कुठं हाय? ही लाईट हाय. लाईट ऑफ करा म्हणायचं का नाय सरळ?"

"देवाला इंग्रजी येत नाही असं थोडंच आहे?" प्रतिभा म्हणाली.

कुसाबाईंची गाडी नऊला घरी जाते, म्हणून दहापर्यंत दिवा ठेवायला कुणाची ना नव्हती. पुन्हा हात वर झाले, या वेळी तेजस्विनीनं प्रत्येक ओळ दोनदा वाचून दाखवली. 'जुने दिवे परत बसवावेत. रात्री दहा वाजता विझवावेत. दुसरा खांब रद्द.' 'विझवावेत' हा शब्द आला तेव्हा प्रतिभानं कानांवर हात ठेवले, पण मान हलवली.

त्या रात्री संतोष झोपला. रविवारी दुपारी उठला, जेवला आणि परत झोपला. सोमवारी तो गेला तेव्हा त्यानं दाढी केली होती आणि फाटकातून वळून एकोणतीसचा पाढा शेवटपर्यंत म्हणून दाखवला होता.

प्रतिभा नैवेद्याचं ताट वाढत असताना साडेअकराला फोन वाजला. नाथाशेठ होते.

"वहिनी, संतोष गाडीवर आहे म्हणून तुम्हाला लावला. त्याची ड्युटी वाढवली मी आजपासून. त्याच्या लायसनची झेरॉक्स आणि दोन फोटो तेवढे ऑफिसात पोचवा. कागद करून टाकू."

प्रतिभाच्या हातातली पळी ताटात टेकली. या घरात जे वाढलं ते पुन्हा वापरात येत नसे. तांदूळ वाढले की डबा रिकामा, बांगडी वाढली की काचा. आणि आता अकरा वर्षांची ड्युटी.

"नाथाशेठ," ती कशीबशी म्हणाली, "वाढवली म्हणजे... वाढवली का?"

"वाढवली म्हणजे वाढवली, वहिनी."

"शेठ, वारा आला तर निरांजनाचं काय होतं?"

"वहिनी, तब्येत बरी आहे ना? घरात कुणी आहे का सोबत?"

तिला आता दुसरा रस्ता उरला नव्हता. नेम एका पारड्यात होता आणि दुसऱ्यात तिचा नवरा. तिनं देवाकडे पाठ केली, पदर तोंडाशी धरला आणि आयुष्यात न उच्चारलेला शब्द उच्चारला. "संपवली का?"

"संपवली कशाला?" शेठ म्हणाले. "वर्षभराचं नवं कंत्राट मिळालंय, त्याला घेतलाय त्यात. आज इतका फ्रेश होता की नाझियामॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं मला. फक्त आठवड्याआड दुसरी पाळी पडेल. या आठवड्यापासूनच. उद्या दुपारी निघेल तो रात्री साडेअकराला येईल परत. बाकी काय, मजेत?"

प्रतिभानं देवापुढे नाक घासलं, एका शब्दाबद्दल क्षमा मागितली आणि प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवसाचा उपास बोलून टाकला. मग ती खिडकीशी आली आणि तिच्या लक्षात आलं की उद्यापासून तिचा नवरा पाथर्डी फाट्याला गाडी लावून साडेअकराला चालत गल्लीत शिरणार, आणि दहानंतर गल्लीत मिट्ट काळोख असणार. कोपऱ्यावर सात कुत्री होती.

तिनं संध्याकाळ व्हायच्या आत तेजस्विनीला फोन लावला.

"मॅडम, शांतिवनमधून प्रतिभा बोलतेय. रागावणार नसाल तर एक सांगायचं होतं. दिव्याची वेळ जरा वाढवायची होती, म्हणजे..."

"ताई, बस," तेजस्विनी प्रेमानं म्हणाली. "पुढचं बोलूच नका. तुमचा नेम आहे ना? मला आता तुमची भाषा येते. पंधरवडा झालाय, पण तुमच्यासाठी करते मी. आजपासूनच."

"पण मॅडम, मला..."

फोन ठेवला गेला होता.

त्या संध्याकाळी बरोबर आठ वाजता, कुसाबाईंची कढई ऐन रंगात असताना, बागेतले चारही दिवे एकदम गेले. जरा वेळ नुसतं तेल चुरचुरताना ऐकू आलं. मग काळोखातून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा कुसाबाईंचा आवाज आला:

"प्रतिभे, आता काय म्हणालीस गं बाई?"